नोंदवहीत एक ‘कुडा’, उतारावर तीन: पान, फूल आणि शेंगेवरून ओळख पटवण्याचं प्रकरण

काय घडलं होतं

भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यातलं एक गाव. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्या वापराची नोंद, केलेली. झुडपांच्या यादीत एक ओळ होती: ‘कुडा – पांढरी फुलं, चीक येतो, साल औषधी, फुलांची व शेंगांची भाजी. ठिकाण – देवराईच्या वरचा उतार.’ सोबत चार वेगवेगळ्या झुडपांचे फोटो.

या ओळीवर पुढची बरीच कामं अवलंबून होती. रोपवाटिकेसाठी बी याच उतारावरून घ्यायचं होतं. सालीसाठी येणाऱ्यांना कुठली झुडपं दाखवायची आणि कुठली राखायची, तेही हिच्यावरूनच ठरणार होतं. अडचण अशी की चारही फोटोंत पानं समोरासमोर आणि फुलं (जिथे होती तिथे) पांढरी असली, तरी पानांचा आकार, चकाकी, शिरा काहीच एकमेकांशी जुळत नव्हतं. एका फोटोवर मोबाईलमधल्या ओळख-ॲपने ‘राइटिया अँटिडिसेंटेरिका’ असं नाव सुचवलं होतं आणि ते कुणीतरी तसंच पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात तपासणी ठरली. कुड्यांसाठी हा काळ उत्तम. नवी पालवी आलेली असते, फुलं असतात आणि गेल्या हंगामातल्या तडकलेल्या शेंगा काही फांद्यांवर अजून लटकत असतात. पान, फूल आणि फळ एकाच दिवशी हाती लागण्याची संधी वर्षात फार वेळा येत नाही.

‘कुडा’ म्हणजे नेमके कोण कोण

महाराष्ट्रात ‘कुडा’ या नावाखाली निदान चार जाती येतात. चौघीही करवंद-कण्हेरीच्या कुळातल्या, चौघींना पांढरा चीक, चौघींची पानं समोरासमोर.

पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसन्स. आयुर्वेदातला कुटज तो हाच. कुटजारिष्ट, कुटजघनवटी याच्या सालीची, आणि कडू इंद्रजव म्हणजे याचं बी. याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची रानभाजीही होते. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. याचं बी गोडा इंद्रजव म्हणून विकलं जातं, पानांतून निळा रंग निघतो, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच्याच पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडाची. तांबडा कुडा म्हणजे राइटिया आर्बोरिया, मखमली पानांचा. चौथा नागलकुडा, टॅबर्नेमोंटाना आल्टर्निफोलिया. हा पश्चिम घाटाचा रहिवासी, बागेतल्या तगरीचा रानातला नातेवाईक.

सालीच्या बाजारात पांढऱ्या कुड्यात काळ्या कुड्याची साल मिसळली जाणं ही जुनी आणि माहितीतली भेसळ आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीतलं कोनेसीन हे अल्कलॉइड तिच्या औषधी वापराच्या मुळाशी आहे. काळ्या कुड्याच्या सालीने त्याची जागा भरून निघत नाही. म्हणून नोंदवहीत नुसतं ‘कुडा’ लिहून भागत नाही.

तयारी

साहित्य साधं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, नवं ब्लेड, जुनी वर्तमानपत्रं, कागदी पिशव्या, रंगीत फीत, पेन्सिल. पिशव्या प्लास्टिकच्या नकोत, मेच्या उन्हात फुलं तासाभरात मऊ पडून काळवंडतात.

प्रत्येक झुडपाला आधी फीत बांधून क्रमांक दिला. फांदी तोडण्याआधी चार फोटो: संपूर्ण झुडूप, पानाची वरची आणि खालची बाजू पट्टीसह, फूल समोरून, फूल बाजूने. हा शेवटचा फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही, आणि कुड्यांमध्ये अर्धा निकाल त्याच फोटोत असतो. नोंदवहीतले जुने फोटो निरुपयोगी ठरले ते याच कारणाने. सगळे समोरून काढलेले, त्यामुळे नळी दिसतच नव्हती.

चिकाबद्दल एक खबरदारी. या कुळात कण्हेर आणि बिट्टीसारखी विषारी झाडंही येतात. चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि अनोळखी झुडपाची साल किंवा बी चाखून पाहायचं नाही. जाणते वैद्य कडू-गोडा इंद्रजव चवीवरून वेगळा करतात हे खरं, पण नोंदवही भरणाऱ्याला तो मार्ग लागत नाही. डोळे आणि भिंग पुरतं.

पहिली चाळणी: पान आणि चीक

देठाजवळ पान मोडायचं. पांढरा चीक लगेच आला आणि पानं समोरासमोर असली, तर झुडूप या कुळातलं असण्याची शक्यता मोठी. चीक नाही, पण समोरासमोरच्या पानांच्या देठांमध्ये खोडावर लहान त्रिकोणी उपपर्णं आहेत, तर ते कदंब-गेळ्याच्या कुळातलं. याच उतारावर पापटीची झुडपं होती आणि लांबून पांढरे गुच्छ पाहून फसायला होत होतं. पण पापटीला चार पाकळ्या असतात आणि फुलाबाहेर लांब निघालेला स्त्रीकेसराचा दांडा. कुड्यांना पाकळ्या पाचच.

चार झुडपांच्या मध्यम वयाच्या पानांची मापं घेतली. मध्यम म्हणजे शेंड्यापासून तिसरी-चौथी जोडी. शेंड्याची कोवळी आणि बुडाची जून पानं दोन्ही फसवतात.

क्रमांक १, उतारावर पायवाटेलगत, उंची दोन मीटरच्या आसपास: पान १६ × ८ सें.मी., लंबगोल, टोक थोडं निमुळतं, देठ जेमतेम ४ मि.मी. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बाकदार शिरांच्या १२ जोड्या, खालच्या बाजूने उठून दिसणाऱ्या. देठ इतका आखूड की पान फांदीला चिकटल्यासारखं वाटतं.

क्रमांक २, वरच्या कोरड्या, मुरमाड कडेला: पान १० × ४ सें.मी., भाल्याच्या पात्यासारखं, टोक लांब ओढल्यासारखं. शिरांच्या ८ जोड्या, त्याही फिकट. साल राखाडी, बरीच गुळगुळीत.

क्रमांक ३, ओढ्याच्या सावलीत: पान १४ × ५ सें.मी., जाड, गडद, चकाकणारं. देठ चांगला दीड सेंटिमीटरचा. खोडाची साल बुचासारखी, भेगा पडलेली. चीक सगळ्यांत जास्त याला.

क्रमांक ४, जुन्या तोडीच्या खुंटाभोवती फुटलेले धुमारे: पान २४ × १२ सें.मी., खालच्या बाजूने मऊ लव, फूल एकही नाही.

इथपर्यंत येऊन पुष्कळ जण थांबतात आणि नाव लिहून मोकळे होतात. या प्रकरणातही तेच झालं असतं. क्रमांक ४ ची लव पाहून तो तांबडा कुडा, आणि पान सगळ्यांत लहान म्हणून क्रमांक २ हा पांढऱ्या कुड्याचाच खडकाळ जागेतला खुरटा नमुना, असं मत पहिल्या फेरीत पुढे आलं होतं. दोन्ही मतं चुकीची निघाली.

पानाच्या आकारावर इतका भार का टाकायचा नाही, याची कारणं आहेत. कुडा तोडला किंवा वणव्यात जळला की खुंटातून जोमाने फुटतो. मुळं जुनी, अन्नसाठा भरपूर आणि खोड नवं, त्यामुळे धुमाऱ्यांची पानं नेहमीपेक्षा दीडपट-दुप्पट मोठी होतात आणि त्यांच्यावर लवही जास्त असते. पांढऱ्या कुड्याला मुळातच कमी-अधिक लव असतेच. ‘प्युबेसन्स’ हे नाव त्यावरूनच आहे. उलट उन्हाच्या, मुरमाड जागी कोणाचंही पान आक्रसतं. पानावरून टिकणाऱ्या खुणा म्हणून फार तर देठाची लांबी आणि शिरांच्या जोड्या धराव्यात. नुसत्या पानावरून क्रमांक ३ वेगळा काढता आला तो लांब देठ, चकाकी आणि बुचासारखी साल या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. एकट्या चकाकीवर तोही निकाल दिला नसता.

निकाल फुलाच्या घशात

फुलं असलेल्या तिन्ही झुडपांची पाच-सहा ताजी, पूर्ण उमललेली फुलं घेतली. आधी नळीची लांबी मोजली, मग ब्लेडने फूल देठापासून तोंडापर्यंत उभं चिरून कागदावर पसरलं.

क्रमांक १ ची नळी १४ मि.मी., सडपातळ, बुडाशी किंचित फुगीर. तोंडाशी काहीही नाही, नळीचं भोक मोकळं, आत बारीक केस. चिरल्यावर पुंकेसर सापडले ते अगदी खाली, त्या फुगीर भागात दडलेले. लांब नळी, मोकळं तोंड, बुडाशी पुंकेसर: हा पांढरा कुडा. या तीन गोष्टी जमल्या की पान केवढंही असो, नाव बदलत नाही.

क्रमांक २ चं फूल समोरून पाहिलं तर तितकंच पांढरं, पाच पाकळ्यांचं. बाजूने पाहिलं तर नळी जेमतेम ४ मि.मी., म्हणजे पाकळ्यांच्या निम्म्याहून कमी. आणि तोंडाशी बारीक तंतूंची पांढरी झालर, तिच्या मधोमध परागकोशांचा टोकदार शंकू बाहेर आलेला. झालर आणि बाहेर डोकावणारा शंकू ही राइटियाची खूण. फूल शुभ्र, झालरही शुभ्र, वास जाईसारखा, पान गुळगुळीत: काळा कुडा.

हीच झालर जुन्या फोटोंत कुणाला दिसली नव्हती, कारण दुपारच्या उन्हात मोबाईलने पांढऱ्यावरचं पांढरं सपाट करून टाकलं होतं. उपाय सोपा आहे. फुलावर स्वतःची सावली पाडायची, पडद्यावर फुलावर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा आणि मागे गडद पान धरायचं. मग झालरीचा एकेक तंतू सुटा दिसतो. आणखी एक बारकावा भिंगाखाली तपासण्यासारखा आहे. कळीत पाकळ्या एकमेकींवर मुरडलेल्या असतात आणि ही मुरड पांढऱ्या कुड्यात एका दिशेने, तर राइटियात तिच्या उलट दिशेने असते. दोन कळ्या शेजारी ठेवल्या की फरक समजतो. फुलं उमललेली नसतील तेव्हा हीच खूण कामाला येते.

ॲपच्या ‘राइटिया अँटिडिसेंटेरिका’ची वाटही इथेच लागली. तो फोटो क्रमांक १ चा होता आणि त्याला झालरच नव्हती, म्हणजे राइटिया असण्याचा प्रश्नच उरला नाही. त्या नावाची वनस्पती मूळची श्रीलंकेची, आपल्याकडे बागेत लावली जाते. गोंधळाचं मूळ जुन्या नावात आहे. औषधी ग्रंथांत पांढऱ्या कुड्याला अजूनही होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका म्हणतात. दुसरा शब्द सारखा, पहिला वेगळा. आणि ओळख पटवताना पहिल्या शब्दालाच महत्त्व. ॲपची सूचना हा शोधाचा एक धागा म्हणून ठीक, पण फुलाचा घसा उघडून पाहिल्याखेरीज ती शाईने लिहू नये.

क्रमांक ३ ला झालर नव्हती, नळी लांब होती, म्हणून क्षणभर तोही पांढरा कुडा वाटू शकला असता. पण पाकळ्या तगरीसारख्या मुरडलेल्या आणि चिरलेल्या नळीत पुंकेसर बुडाशी दडलेले नव्हते, ते बरेच वर होते. शेजारच्या फांदीवर गेल्या बहराचं फळ मिळालं आणि वाद संपला: होडीच्या आकाराची, वाकड्या चोचीची, नारिंगी-पिवळी जोडी, उकललेल्या भागात लाल गरात बसलेल्या बिया. हा नागलकुडा. खऱ्या कुड्यांच्या शेंगा लांब आणि बारीक असतात, बियांना म्हातारी, म्हणजे वाऱ्यावर उडणारा केसांचा झुबका, असते. इथे दोन्हींचा पत्ता नाही.

फूल नसलेला क्रमांक ४

सर्वांत जास्त वेळ यानेच घेतला. धुमाऱ्यांना फूल नव्हतं आणि लव इतकी की तांबड्या कुड्याचा संशय रास्त होता. तांबड्या कुड्याचं पान दोन्ही बाजूंनी मखमली असतं आणि जून झालं तरी ती मखमल पुरती जात नाही. इथे जून पानांची वरची बाजू गुळगुळीत झालेली होती. ही खूण विरोधात गेली, पण एवढ्यावर निकाल द्यायचा नव्हता.

खुंटाभोवती जमिनीवर शेंगांची टरफलं पडलेली होती. ती पुरावा म्हणून घेतली नाहीत. उतारावर वारा आणि गुरं दोन्ही असतात, खाली पडलेली शेंग वरच्या झुडपाची असू शकते. फांदीला लागलेली शेंगच ग्राह्य. खुंट नीट साफ केल्यावर तोडीतून वाचलेली एक जुनी फांदी त्याच बुंध्यातून निघालेली दिसली, आणि तिच्यावर गेल्या वर्षीच्या शेंगांच्या दोन जोड्या होत्या.

शेंगा चवळीच्या शेंगेसारख्या बारीक, ३० सें.मी.च्या आसपास लांब, अंगावर पांढरट ठिपके, जोडीतली प्रत्येक शेंग बुडापासून टोकापर्यंत सुटी. तांबड्या कुड्याची जोडी एकमेकीला चिकटून एकच जाड, खरबरीत, खोबणीची शेंग झाल्यासारखी दिसते. म्हणजे तो बाद. काळ्या कुड्याची जोडी कोवळेपणी टोकाशी जुळलेली असते, पण पिकल्यावर सुटते. त्यामुळे वाळक्या, सुट्या जोडीवरून काळा की पांढरा हे सांगता येत नाही. तिथे बी पाहावं लागतं.

एका शेंगेत खाली अडकलेल्या काही बिया शिल्लक होत्या. शेंग तोडण्याआधी तिच्या देठाकडच्या टोकाला दोरा बांधला, कारण हातात आल्यावर वाळक्या शेंगेचं बूड कुठलं आणि शेंडा कुठला यात घोळ होतो आणि चाचणीच उलटी होते. मग ब्लेडने शिवण उकलून बिया जागच्या जागी पाहिल्या. पांढऱ्या कुड्याच्या बीची म्हातारी शेंगेच्या शेंड्याकडे तोंड करून असते, राइटियाची देठाकडे. इथे केसांचा झुबका शेंड्याकडे होता. क्रमांक ४ पांढरा कुडाच, फक्त तोडीनंतर फुटलेला.

बी शेंगेतून निसटलं की ही खूण हातची जाते. सुट्या बियांच्या ढिगात पांढऱ्या आणि काळ्या कुड्याचं बी सारखंच लांबुळकं दिसतं. रोपवाटिकेत मिसळ होते ती इथेच.

पडताळणी

तिन्ही जातींची फूल-पान-शेंग असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवली. पहिले तीन दिवस कागद रोज बदलायचा, कारण चिकाची झाडं हळू वाळतात आणि बुरशी पटकन धरते. एक पान उताणं, एक पालथं, एक फूल उभं चिरून पसरलेलं. पत्रकावर फुलाचा ताजा रंग, वास, चीक आणि ठिकाण लिहिलं, कारण वाळल्यावर रंग आणि वास राहत नाही. सोबत क्रमांकाची फीत.

क्रमांक २ साठी आणखी एक सोपी चाचणी केली. त्याची ताजी पानं तुकडे करून काचेच्या बाटलीत खोबरेल तेलात बुडवली आणि बाटली उन्हात ठेवली. काळ्या कुड्याच्या पानांनी तेलाला जांभळी झाक चढते. तमिळनाडूत त्वचेसाठीचं वेट्पालै तेल याच पद्धतीने करतात. इथेही झाक आली. ही चाचणी एकाच बाजूने वाचावी. जांभळा रंग आला तर काळ्या कुड्याला दुजोरा मिळतो. आला नाही तर पान जून असेल, ऊन कमी असेल, त्यावरून दुसरं नाव ठरवू नये.

तांबडा कुडा मुद्दाम शोधला. त्याचं फूल ओळखायला सर्वांत सोपं: मळकट पिवळसर ते गुलाबी पाकळ्या, नारिंगी झालर, वास नकोसा. या उतारावर तो मिळाला नाही, म्हणून त्याची नोंद केली नाही.

नोंदवहीत काय बदललं

एका ओळीच्या तीन नोंदी झाल्या. पांढऱ्या कुड्यापुढे ‘साल, फुलांची व शेंगांची भाजी’ राहिलं आणि ओळखीची खूण म्हणून ‘नळी लांब, तोंड मोकळं, शेंगा सुट्या’ असं लिहिलं. काळ्या कुड्यापुढे ‘नळी आखूड, पांढरी झालर, कुटजाची साल म्हणून देऊ नये’. नागलकुड्यापुढे ‘ओढ्याकाठी, देठ लांब, फळ नारिंगी, वाकडं’. क्रमांक ४ च्या नोंदीत ‘धुमारे, पान मोठं व लवदार’ हे मुद्दाम घातलं, म्हणजे पुढच्या वेळी तेच झुडूप पुन्हा तांबडा कुडा ठरणार नाही.

सालीबद्दल एक अट जोडली. खोडाभोवती पूर्ण कडं काढायचं नाही, त्याने वरचं खोड मरतं. बोटभर जाडीच्या फांद्या छाटून त्यांचीच साल घ्यायची. कुडा खुंटातून फुटतो, त्यामुळे झुडूप टिकतं.

बी गोळा करायचं काम हिवाळ्यावर ठेवलं. शेंगा तपकिरी होतात पण तडकलेल्या नसतात, तेव्हा. फक्त फीत बांधलेल्या झुडपांवरून, प्रत्येक झुडपाच्या शेंगा वेगळ्या कागदी पिशवीत, देठ जागेवर ठेवून. प्रत्येक पिशवीतली एक शेंग उकलून म्हातारी कोणीकडे आहे ते पाहायचं आणि पिशवीवर लिहायचं. त्यानंतरच बाकीच्या शेंगा फोडायच्या. पिशव्या एकत्र ओतायच्या त्या सगळ्यांत शेवटी, तेही एकाच जातीच्या असतील तरच.